मूठभर जोंधळे आणि पंधरा लाख

साताऱ्याकडच्या खेड्यांत एके काळी भाकऱ्या थापायला बसण्याआधी घरची बाई जोंधळ्यातली किंवा बाजरीतली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. पावसाच्या भरवशावरची जमीन, त्यात सावकाराचं देणं. त्यामुळे ती मूठ शिल्लकीतली नसे, ती घरच्यांच्याच ताटातून कमी झालेली असे. साठलेलं धान्य गाव वसतिगृहाला देई आणि त्या धान्यावर परक्या गावची, परक्या जातीची पोरं जेवून शाळेत जात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती अशा मुठींच्या आधारावर. आज तिच्या शेकडो शाखा आहेत.

पुढच्याच वर्षी, १९२० साली, मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या काळचे पंधरा लाख. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं आणि ‘एसएनडीटी’ ही अक्षरं मुंबई-पुण्याच्या बोलण्यात कायमची रुळली.

दोन्ही देणग्या शिक्षणासाठीच होत्या आणि त्यांच्यात अंतर होतं जेमतेम वर्षभराचं. तरी एकीकडे हजारो बायकांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत आणि दुसरीकडे एका बाईचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर गेलं. यातलं कोणतं दान मोठं, या वादात मला शिरायचं नाही. माणूस देतो तेव्हा त्याचा हात कोणत्या रीतीने पुढे होतो आणि ती रीत तो कुठे मोडतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. देण्याची सवय आपण घरातून, जातीतून, धर्मातून घेऊन येतो. त्या देण्याने कोणाचं पोट भरायचं हे ठरवताना मात्र माणूस बहुतेक वेळा एकटा असतो.

आधी रीत पाहू. मराठी मुलखात शिकणाऱ्या पोराला जेवू घालणं हे पुण्याचं काम मानलं जाई. कोकणातून किंवा घाटावरच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा ‘वार लावून’ जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी पोटाला चिमटा. काही जण झोळी घेऊन माधुकरी मागत. या दोन रीतींवर महाराष्ट्रातले कितीतरी नामवंत विद्वान, वकील आणि शिक्षक उभे राहिले. वारीच्या वाटेवरची गावं दिंड्यांना जेवू घालत, ती आजही घालतात. अन्नदानाला या मातीत वरचा मान आहे.

पण वार लावायला जाणाऱ्या मुलाची जात आधी विचारली जाई आणि ती ठरलेली असे. मराठ्याचा, धनगराचा, महाराचा मुलगा पुण्यात शिकायला आला असता तर त्याला सात सोडाच, एकही उंबरा मिळाला नसता. आपल्या मुलांना जेवू घालणारी ती कळकळ खरी होती, पण ‘आपली मुलं’ कोण, याची व्याख्या फार चिंचोळी होती. ती रुंद करण्याचं मोठं काम कोल्हापुरात शाहू महाराजांनी केलं. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. जात बघून दान देणाऱ्या समाजाला त्याच्याच सवयीने कामाला लावण्याची ती युक्ती होती: तुमच्या जातीच्या मुलांसाठी तरी खिशात हात घाला.

त्याच कोल्हापुरात, जैन बोर्डिंगात, कुंभोजचा भाऊराव पाटील हा मुलगा राहत होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ते ऐकलं नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. भाऊराव पाटलांच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा मला या एका नकारात दिसते. जैन घरातून मिळालेली दानाची शिकवण त्यांनी टाकली नाही, दानाभोवतीचं कुंपण तेवढं टाकलं.

पुढे किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचमालाचा खप वाढवण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. ही नोकरी त्यांच्या फार उपयोगी पडली असं मला वाटतं. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून बोलायचं कसं, तो कशाला हो म्हणतो, कशाला मान हलवून गप्प राहतो, हे त्यांना तिथे कळलं. या माणसाकडे रोख पैसा नसतो, सुगीला धान्य मात्र असतं. त्याच्याकडे रुपये मागितले तर तो ओशाळेल आणि मूठभर जोंधळे मागितले तर बायको आतूनच आणून देईल. भिक्षेची जुनी मूठ त्यांनी तशीच ठेवली आणि ती टाकायची झोळी बदलली. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं.

या पंगतीची खरी किंमत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मोजली. बोर्डिंगातल्या मुलांना शिजवून घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा त्यांनी एकेक दागिना विकायला दिला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळी नवरा हयात असताना सवाष्णीने मंगळसूत्र गळ्यातून उतरवणं म्हणजे काय, हे जुन्या घरातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. लक्ष्मीबाई सोवळं पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या आणि सर्व जातींच्या मुलांना वाढताना त्यांना स्वतःचं मन आधी वळवावं लागलं असणार. १९३० साली त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या दानशूरांच्या यादीत त्यांचं नाव अजून हवं तितक्या वर नाही, ही गोष्ट मला सलते.

आता मुंबईकडे. तिथली रीत शेठांची. पारशी, गुजराती, भाटिया, जैन, बगदादी ज्यू अशा व्यापारी समाजांत धंद्यातला काही वाटा धर्मादाय काढणं हा धंद्याचाच भाग होता. विहीर, धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ बांधणाऱ्याची बाजारात पत वाढत असे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुंबईत दंगल झाली आणि तिची सुरुवात पारश्यांनी केली. पारशी धर्मविधींत कुत्र्याला मान आहे आणि जैनांना तर कोणत्याही जिवाची हिंसा चालत नाही. त्यातून दोनच वर्षांनी, १८३४ साली, पारशी शेठ जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. दोन धर्मांच्या दोन वेगळ्या श्रद्धा एकाच आवारात एकाच चाऱ्यावर खर्च होऊ लागल्या. संस्कृती दानाला कसं वळण देते याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

जीजीभाईंचं देणं पुढे जातीबाहेर वाहिलं. १८४९ ची त्यांची परोपकारी संस्था पारशी मुलांसाठी होती, पण त्याआधीच, १८४५ साली, उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय सगळ्या मुंबईचं झालं. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या रस्त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. तोवर ती खाडी होडीने ओलांडावी लागे आणि होड्या उलटून माणसं बुडत. आवाबाईंनी पैसे देताना अट घातली की या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही. मला ही अट पैशांपेक्षा मोलाची वाटते. पूल बांधून नाव मिळवणारे पुष्कळ असतात. त्या पुलावरून डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या कोळणीच्या कनवटीचा विचार करणारा दाता विरळा.

याच जागी एक अवघड गोष्ट सांगायला हवी. जीजीभाईंची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता. पुण्याच्या रुग्णालयाशी आणि लाल देवळाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याचीही तीच कथा. चीनमध्ये ज्यांची घरं बसली, त्यांना मुंबईच्या रुग्णालयाचा काही उपयोग नव्हता. दात्याची मूल्यं तपासायची तर पैसा देतानाचा हात पाहून पुरत नाही, कमावतानाचा हातही पाहावा लागतो. त्या काळच्या व्यापाऱ्याला ही दोन खाती निराळी वाटत होती. आज आपल्याला तसं वाटून चालणार नाही.

टाटांनी या शेठांच्या रीतीला वेगळं वळण दिलं. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला. त्यातून पैसे कर्जाऊ मिळत. शिकून कमावू लागल्यावर ते फेडायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्या मुलाच्या बोटीच्या तिकिटाला. या निधीतून पहिल्यांदा शिकायला गेलेल्यांत फ्रेनी कामा या महिला डॉक्टर होत्या, हे आवर्जून नोंदवण्यासारखं आहे. अन्नछत्र घालण्यापेक्षा बुद्धिमान माणसाला पुढे ढकलावं, त्याने देश उभा राहील, असा टाटांचा हिशेब होता. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग बाजूला काढला. संस्था १९०९ साली आकाराला आली, तेव्हा ते हयात नव्हते.

त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्या देण्याचं मूळ वेगळं होतं. ते दुःखातून आलं. पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने न्यास केला आणि आपली उरलेली संपत्तीही दुसऱ्या एका न्यासाला दिली. मेहरबाईंचा जुबिली हिरा, सुमारे २४५ कॅरटचा, तोही पुढे विकला जाऊन धर्मादायाला लागला. याच हिऱ्यावर १९२४ च्या मंदीत जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासाठी कर्ज काढलं गेलं होतं. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडलं.

आता कर्वे. मुरूडच्या या गणिताच्या प्राध्यापकाने तरुणपणी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला होता. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि त्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. गावाच्या भल्यासाठी वर्गणी मागणारा माणूस गावालाच नकोसा झाला. कर्व्यांनी त्यावर तक्रार केली नाही, त्यांनी गावाची व्याख्या मोठी केली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला जमीन दिली, तिथे झोपडी उठली. त्या झोपडीतल्या विधवा मुलींसाठी कर्वे पायपीट करून आणे-पै गोळा करत राहिले.

त्यांच्या संस्थेने काढलेला ‘भाऊबीज फंड’ हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार आणि सर्वांत कोवळा विचार वाटतो. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात ओवाळणी घालतो. ही रीत इतकी घट्ट की फार गरीब भाऊही त्या दिवशी रिकाम्या हाताने जात नाही. कार्यकर्ते घरोघर जाऊन म्हणत, हिंगण्याला तुमची आणखी एक बहीण आहे, तिची ओवाळणी द्या. त्या काळी विधवा बहिणीला सणावारी मागच्या खोलीत बसवलं जाई, मग तिने ओवाळायचं कुठून. फंडाची पावती फाडणारा माणूस सनातनी असला तरी भाऊबीजेला नाही म्हणणं त्याला जड जाई. कर्व्यांनी रूढीशी भांडण मांडलं नाही, रूढीचाच हात धरून तिला विधवेच्या दाराशी आणलं. वर्षानुवर्षं असंख्य घरांतून ही छोटी रक्कम येत राहिली आणि देणाऱ्यांच्या मनावर तिचा जो परिणाम झाला असेल, तो कोणत्याही मोठ्या देणगीने झाला नसता.

तरीही विद्यापीठ चालवायला ओवाळणी पुरत नाही. ठाकरसींचे पंधरा लाख आले आणि नावाचा प्रश्न आला. आईचं नाव द्यावं ही गुजराती शेठाची इच्छा अगदी त्याच्या संस्कारातली होती. आईवडिलांच्या नावे धर्मशाळा, शाळा, दवाखाना बांधणं ही त्यांच्याकडची पितरांची सेवा. कर्व्यांनी ती मान्य केली. त्यांना नावाचं वेड नव्हतं. मुलगी मातृभाषेतून पदवीपर्यंत शिकावी एवढीच त्यांची ओढ होती. पुढे विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी या विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं. म्हणजे दात्याचं घराणं नावापुरतं राहिलं नाही, ते कामात उतरलं.

साताऱ्याकडे याच्या उलट आठवण सांगतात. भाऊरावांच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला कोणी मोठी रक्कम देऊ केली, नाव बदलण्याच्या अटीवर. भाऊरावांनी ती साफ नाकारली. शिवाजी महाराजांच्या नावाचं कॉलेज पैशासाठी दुसऱ्याच्या नावाचं होणार नाही, यावर ते ठाम राहिले. कॉलेज १९४७ साली त्याच नावाने सुरू झालं. कर्व्यांनी नाव दिलं, भाऊरावांनी दिलं नाही. दोघांचं वागणं आपापल्या जागी सुसंगत आहे. कर्व्यांपुढे प्रश्न होता विद्यापीठ जगेल की नाही, हा. भाऊरावांपुढे प्रश्न होता ज्यांनी मूठमूठ धान्य दिलं त्या रयतेचा. संस्था एका धनिकाच्या नावाने झाली असती, तर त्या मुठींचा मालकी हक्क गेला असता. देणगीची गोष्ट सांगताना आपण नेहमी दात्याकडे पाहतो. मागणारा काय घेतो आणि काय घेत नाही, यावर संस्थेचा स्वभाव तितकाच ठरतो.

मध्यमवर्गाकडे ना शेत होतं, ना गिरणी. त्याने आयुष्य दिलं. १८८४ साली निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवण्याची शपथ घेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अशी वर्षं पुरी केली, कर्व्यांनीही केली. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एकपात्री प्रयोगांची कमाई आपल्या प्रतिष्ठानातून वाटली. अनिल आणि अनिता अवचट यांच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ साली झाली, तीत पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा वाटा होता. समारंभ नको, हार नको, हा सुनीताबाईंचा आग्रह मराठी मध्यमवर्गाच्या गुप्तदानाच्या संस्कारातून आलेला आहे. अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन काढलं आणि १९९४ पासून साहित्य आणि समाजकार्य यांचे पुरस्कार द्यायला सुरुवात केली. दान देताना पुस्तक आणि चळवळ यांना एकाच ओळीत बसवणं हे फार मराठी वाटतं मला.

आता यात कायदा आला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि कितीतरी चांगली कामं त्यावर उभी आहेत. पण मागणाऱ्याला आता वेगळीच भाषा शिकावी लागते. प्रस्ताव, लाभार्थी, परिणामाचं मोजमाप, फोटोसह अहवाल. ज्याला हे जमतं त्याला निधी मिळतो. दुर्गम तालुक्यातल्या ज्या कार्यकर्त्याला गावातल्या प्रत्येक घराची अडचण तोंडपाठ आहे, पण संगणकावर तक्ता भरता येत नाही, तो मागे पडतो. कंपन्यांनी एखादा माणूस अशा कार्यकर्त्यांकडे जाऊन बसण्यासाठी नेमावा, असं मला कळकळीने वाटतं. नांगर विकताना भाऊराव जे ऐकत होते, ते अहवालातून ऐकू येत नाही.

गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या परीट कुटुंबात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घेई आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारी. लोक देत, भरभरून देत. त्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी त्यात वाटेकरी होऊ दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९४८ साली रयतचं सरकारी अनुदान थांबलं, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे भाऊरावांसाठी शब्द टाकला. १९५४ साली भाऊरावांनी कऱ्हाडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं.

दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे गावी जाऊन परत येणं झेपत नाही आणि मुंबईत भाड्याने खोली परवडत नाही, अशा माणसांना तिथे राहायला मिळतं आणि जेवायलाही मिळतं. उपचाराची सोय एका पारशी शेठाने बायकोच्या आठवणीने सुरू केली, राहण्याची सोय एका खराटेवाल्या कीर्तनकाराच्या नावाने झाली. महाराष्ट्राबाहेरून, बिहार-बंगालमधून आलेल्या रुग्णाला यातलं कोणतंच नाव ओळखीचं नसतं. त्याला तारीख मिळालेली असते आणि तोवर राहायला जागा.